वाटशोधे

वाटशोधे यांचं खरं आडनाव वेगळं आहे. ते बँकेच्या पासबुकावर आणि सोसायटीच्या थकबाकीच्या यादीत सापडतं. आम्ही सायकलवाले मात्र त्यांना वाटशोधे म्हणूनच ओळखतो, आणि डोंगराला टेकलेल्या कुठल्याही गावात या नावाला जागणारा एखादा इसम असतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. पोटऱ्यांवर करवंदीच्या ओरखड्यांच्या जुन्या-नव्या नोंदी. मनगटावर घड्याळ, त्यात वेळ सोडून बाकी सगळं दिसतं: उंची, चढ, नाडीचे ठोके. आणि नजर कायम क्षितिजाच्या बोटभर खाली. क्षितिजाच्या बोटभर खाली डोंगराचा उतार असतो आणि त्या उतारावर कुठेतरी एक फिकट बारीक रेघ असते. ती दिसली की वाटशोधे तोंडातलं वाक्य अर्ध्यावर सोडतात.

मुळशीकडच्या एखाद्या रिसॉर्टात लग्न असलं, की अक्षतांच्या वेळी सगळे वधूवरांकडे बघतात आणि वाटशोधे मांडवामागच्या टेकाडाकडे. अक्षता त्यांच्या मुठीतच राहतात. डेक्कन क्वीनने मुंबईला जाताना बोरघाट आला की लोक ऑम्लेट मागवतात. हे दोन बोगद्यांमधल्या उजेडात समोरच्या सोंडेवरची गुरवाट वाचायचा प्रयत्न करतात, आणि वाट वळणार इतक्यात पुढचा बोगदा आला की रेल्वेवर चिडतात. एकदा सासवडला नात्यात सांत्वनाला निघाले होते. दिवे घाटात गाडी थांबवली आणि बराच वेळ दरीकडे बघत उभे राहिले. वहिनींना वाटलं, यांना भरून आलंय. त्या हलकेच जवळ गेल्या, तेव्हा हे म्हणाले, "अगं, त्या खालच्या पदरावरून पार वडकीपर्यंत सलग वाट दिसतेय."

आता पुण्यात माउंटन बाइक चालवायला जागा नाही असं नाही. वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे, बावधन-पाषाणच्या टेकड्या आहेत, बोपदेव घाटाच्या माथ्यावरचे मोकळे माळ आहेत. वाटशोध्यांच्या लेखी ही सगळी बालवाडी. वेताळ टेकडीवर सकाळी सहाला गेलं तर ग्लिरिसिडियाच्या झाडीतून आजोबा येतात, आजोबांच्या खिशातलं भक्तिगीत येतं, मागून एका कुत्र्याला तीन माणसं फिरवत आणतात, आणि पलीकडच्या सपाटीवर हास्यसंघ हसत असतो. तो आपल्यालाच हसतोय की काय, ही शंका चढावर नाही म्हटलं तरी त्रास देते. "जिथे समोरून माणूस येतो तो रस्ता," अशी वाटशोध्यांची व्याख्या आहे. "समोरून कोणी आलं तर दोघंही दचकतात, ती वाट."

या छंदाला मोठा वारसा आहे, हे ते प्रत्येक चढावर थांबून सांगतात. थांबण्याचं कारण दम हे नसून वारसा हे असतं. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ साली काही तरुणांनी जुन्या जाडजूड चाकांच्या सायकली डोंगरावरून खाली हाणण्याची शर्यत सुरू केली. त्या सायकलींना पेडल उलटं दाबून लागणारे ब्रेक होते. एका उतारात मागच्या हबमधल्या ग्रीसचा जळून धूर व्हायचा आणि खाली आल्यावर हब पुन्हा भरावा लागायचा, म्हणून शर्यतीचं नाव 'रिपॅक'. वीस वर्षांनी, १९९६ला, हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला. गोष्ट शंभर टक्के खरी आहे. फक्त वाटशोधे ती अशा थाटात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं मरिन काउंटी कात्रजच्या पलीकडे आहे आणि तिथे ग्रीस भरायला हेच बसले होते.

शोधाची सुरुवात डोंगरावर होत नाही, जेवणाच्या टेबलावर होते. आठवड्याच्या मध्यावर कधीतरी रात्री ताटं उचलली की टेबलावर भारतीय सर्वेक्षण विभागाचा टोपोशीट पसरतो. ४७ एफ मालिकेतला, घड्यांवर फाटलेला, सेलोटेपने सांधलेला. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे नकाशावर दोन सेंटिमीटर तर जमिनीवर एक किलोमीटर. दर वीस मीटर उंचीला एक तपकिरी रेषा. आणि पायवाट म्हणजे लाल तुटक रेघ. या लाल तुटक रेघेवर वाटशोध्यांची जेवढी श्रद्धा आहे, तिच्या निम्मीही कुलदैवताच्या वाट्याला आलेली नाही.

त्यांच्याकडे रद्दीच्या दुकानातून मिळवलेला आणखी जुना, इंचाला मैल प्रमाणाचा एक नकाशाही आहे. त्याच्या भरवशावर ते एकदा मोसे खोऱ्यात उतरले. नकाशात वाट डोंगर उतरून एका गावात जात होती. प्रत्यक्षात ती डोंगर उतरून वरसगाव धरणाच्या पाण्यात जात होती. वाटशोधे काठावर उभे राहिले. नकाशाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, पुन्हा नकाशाकडे बघितलं. "नकाशा बरोबर आहे," शेवटी निकाल दिला, "पाणी नंतर आलंय."

टोपोशीट आटोपला की लॅपटॉपवर उपग्रहाची छायाचित्रं. यात एक शास्त्र आहे आणि ते वाटशोध्यांना खरोखरच येतं. पावसाळ्यानंतरचं चित्र बघायचं नाही. तेव्हा गवत कमरेएवढं माजलेलं असतं आणि सगळा डोंगर एकरंगी असतो. बघायचं ते मार्च-एप्रिलचं. गवत वाळून बसलेलं असतं, वणव्याने कुठे काळं झालेलं असतं, आणि खुरांनी उघडा पाडलेला मुरूम पांढरट उठून दिसतो. डोंगर भाजून निघाल्याशिवाय वाट बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणून सगळं पुणं उन्हाळ्यात पडदे ओढून आत बसतं, तेव्हा वाटशोध्यांचा हंगाम सुरू होतो.

शास्त्राला अपवाद असतात. ते रविवारी भेटतात. सासवडच्या बाजूला एका डोंगरावर त्यांना एकाखाली एक अशा दहा-बारा रेघा दिसल्या. सगळ्या एकमेकींना समांतर, सगळ्या उंची न सोडता डोंगराला वळसा घालणाऱ्या. देवाने स्वतः उतरून सायकलसाठी आखल्यासारख्या. आम्हाला अंधारात उठवून तिथे नेलं. उजाडल्यावर कळलं, ते पाणलोट विकासाचे सलग समतल चर होते. पावसाचं पाणी अडवून जिरवायला खणलेले, फूट-दीड फूट खोल. दुसरा कोणी असता तर माघारी वळला असता. वाटशोध्यांनी विचारलं, "आत उतरवून चालवता येईल का?" आमच्यातल्या एका भिडस्त मुलाने चालवून पाहिली. दर फेऱ्याला पेडल मातीत रुतत होतं. पाणी जिरवायच्या चरात त्या दिवशी एक तरुण उत्साह जिरला.

तिसरं साधन म्हणजे स्ट्राव्हा या ॲपचा उष्णतानकाशा. जगभरचे धावणारे आणि सायकलवाले जिथून जातात तिथे तो उजळतो. २०१८च्या सुरुवातीला याच नकाशावर कुठल्या कुठल्या लष्करी तळांच्या आतल्या जॉगिंगच्या वाटा चमकताना दिसल्या आणि मोठी खळबळ उडाली. सामान्य माणूस त्यात उजळ रेघ शोधतो. वाटशोधे फिकट शोधतात. उजळ म्हणजे लोक पोचले, विषय संपला. एकदा त्यांना पिरंगुटच्या अंगाला अगदी पुसट, जेमतेम दिसणारी एक रेघ सापडली. दोन रात्री झोप नाही. इतक्या आडबाजूला जाणारे हे दर्दी कोण असतील? शेवटी तारखा लावून बघितल्यावर उलगडा झाला. ती रेघ गेल्या वर्षी त्यांनीच फसवून नेलेल्या आम्हा मंडळींची होती.

इथे सह्याद्रीचीही बाजू ऐकायला हवी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा डोंगर झाला. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा उतरता पदर होतो. कडा, पदर, पुन्हा कडा. गुरवाटा पदराने जातात, म्हणून त्या उंची न सोडता अशा पळतात की सायकलवाल्याला स्वर्ग दोन बोटं उरतो. मग सोंड संपते आणि वाट त्याला एका घळीच्या तोंडाशी सोडून स्वतः झुडपात निघून जाते. माउंटन बाइकवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वाट बांधण्याचे नियम केलेले आहेत. सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत असावा, आणि ज्या उतारावरून वाट जाते त्या उताराच्या निम्म्याहून अधिक तीव्र ती नसावी. असं केलं की पाणी वाटेवरून धावत नाही, आडवं निघून जातं, आणि वाट वर्षानुवर्षं टिकते. वाटशोधे हे नियम पाठ म्हणून दाखवतात. आपल्या डोंगरातल्या माणसांना बाजार गाठायची घाई होती. ते नाकासमोर चढले.

त्यामुळे वाटशोध्यांच्या टक्केवारीला फार महत्त्व आहे. "वाट सायकलजोगी आहे ना?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "ऐंशी टक्के." यात तिळमात्र खोटं नसतं. ऐंशी टक्के अंतर खरोखरच सायकलवर बसून जातं, आणि त्याला दिवसाचा वीस टक्के वेळ लागतो. उरलेल्या वीस टक्के अंतरात सायकल माणसावर बसून जाते आणि सूर्य मावळतो.

डोंगरावर पोचल्यावर त्यांचं खरं पांडित्य सुरू होतं. कुठली वाट कोणाची, हे ते दुरून ओळखतात. म्हशीची वाट रुंद, संथ आणि हमखास पाण्यावर जाणारी. शेवटी चिखल ठरलेला. शेळीची वाट फसवी. ती गुडघ्यापर्यंत मोकळी असते, कारण शेळी तेवढीच उंच. त्याच्या वर घाणेरी आणि करवंदीचे काटे नेमके तोंडाच्या पातळीला जमलेले. आणि पुढे एका चविष्ट झुडपापाशी ती वाट संपते, कारण शेळीचं काम तिथे झालेलं असतं. सगळ्यात उत्तम वाट म्हणजे डोक्यावर मोळी घेऊन माणूस जातो ती. वर मोकळी, खाली पाय ठरणारी, आणि वस्तीत नेऊन सोडणारी. म्हणून "वाट जाते का?" असं गावात कधी विचारू नये, "इथून मोळी येते का?" असं विचारावं, हा त्यांचा सिद्धान्त. सिद्धान्त चांगला आहे. पण समोर माणूस दिसला की ते स्वतःच तो विसरतात.

"राम राम, मामा. ही वाट खिंडीतून पलीकडे जाते का?"

"जाती की."

"सायकल जाईल?"

मामा सायकलभोवती एक चक्कर मारतात. जाडजूड टायर अंगठ्याने दाबून बघतात. "जाईल की. न्याल तर जाईल."

"किती लांब आहे?"

"हे काय, हितंच." हात मात्र पुरंदरच्या दिशेने लांबवलेला असतो. मग थोडं थांबून, परक्या माणसाचं भलं करावं म्हणून मामा सांगतात, "पर मी काय म्हंतो पाव्हणं, खालनं डांबरी हाय की. यष्टी बी जाती."

या वाक्याला वाटशोध्यांकडे उत्तर नाही. कोणाकडेच नाही. डांबरी रस्ता असताना माणसं डोंगरातून सायकल खांद्यावर का नेतात, हे मामांना समजावून सांगणं म्हणजे मामांचं शहाणपण हिरावून घेणं. तेवढ्यात पुढचा प्रश्न येतोच: "केवढ्याला पडली?" वाटशोधे खऱ्या किमतीला तिनाने भागतात. "चाळीस हजार." "बाबो! दुभती म्हस आली आसती की!" घरी सांगितलेला आकडाही हाच असल्यामुळे त्यांना खोटं एकच लक्षात ठेवावं लागतं.

त्यांची पाठपिशवी हा स्वतंत्र विषय आहे. तिच्यात डिरेलरचा जादा हँगर, चेनची जादा कडी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, सीलंटची बाटली, गुळाचा खडा आणि झाडं छाटायची एक मोठी कात्री असते. या कात्रीने त्यांनी डोंगरातल्या कित्येक घाणेरी मागे सारल्या आहेत. घरच्या बाल्कनीतला गुलाब मात्र छाटणीची वाट बघून वेलीच्या वळणावर गेला आहे. बाभळीच्या काट्याचा त्यांचा नियम असा: ट्युबलेस टायरमध्ये काटा घुसला तर उपटायचा नाही. आतला पातळ चीक भोक बुजवतो, आणि काटा स्वतः बुचाचं काम करतो. हा नियम खरा आहे आणि त्यामुळे कित्येकांचे रविवार वाचले आहेत. धनगराच्या वाड्याजवळचा कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही. उतरायचं, सायकल आडवी धरून तो आणि आपण यांच्यामध्ये ठेवायची, आणि मालक शीळ घालेपर्यंत थांबायचं. मालक शीळ घालतो. पण आधी आपली गंमत पोटभर बघून घेतो.

जगात वाटशोधे एकच असते तर निभावलं असतं. पण चिंचवडलाही एक आहेत. दोघांची एकमेकांवर पाळत असते. म्हणून हे आपल्या सायकलफेरीची नोंद लपवून ठेवतात आणि फोटो टाकताना मागचा डोंगर कापून टाकतात, म्हणजे फोटोत हे आणि ढग एवढेच उरतात. एका रविवारी खेड शिवापूरच्या वर, निर्मनुष्य अशा एका खिंडीत, एका बाजूने हे चढले आणि दुसऱ्या बाजूने ते.

"अरे वा! तुम्ही इकडे कसे?" हे म्हणाले.

"काही नाही हो, जरा रस्ता चुकलो. तुम्ही?"

"मीही चुकलोच."

दोघांच्याही हातात कात्री होती.

"ही कशाला?" त्यांनी विचारलं.

"घरी गुलाब आहेत," हे म्हणाले.

दोघंही थोडा वेळ हवेबद्दल बोलले. मग 'ही वाट मुळात कोणी शोधली' या मुद्द्यावर सभ्यपणे आले. यांनी एप्रिलातलं छायाचित्र काढलं, त्यांनी मागच्या दिवाळीची नोंद काढली. यांनी वाटेला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं, त्यांनीही ठेवलं होतं, आणि दोन्ही नावांत ड्रॅगन होता. आवाज चढले. इतक्यात खालून डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आली आणि म्हणाली, "वाटंत काय हुबं ऱ्हायलाय? सरका की बाजूला." दोघांनी सायकली बाजूला घेतल्या. ती निघून गेली. पुढची चर्चा झाली नाही.

घरी परतल्यावर तपास असतो. तो वहिनींकडे. त्यांना नकाशा लागत नाही, मोजे पुरतात. मोज्यात कुसळं रुतलेली असली तर गवताळ पठार. सराटे असले तर गावाकडेचा माळ. बूट काळ्या चिकट मातीने जड झालेले असले तर यवतकडची बाजू, तांबड्या मातीने रंगलेले असले तर मुळशी. "आज 'इथेच वेताळावर' म्हणून गेला होतात ना?" त्या विचारतात. "वेताळावर तांबडी माती कधीपासून आली?" एकदा कुसळांचे मोजे न झटकता धुलाईयंत्रात गेले आणि पुढचे कित्येक दिवस घरातली सगळी माणसं ऑफिसात, शाळेत आणि देवळात बसल्या जागी दचकत होती. तेव्हापासून मोजे दाराबाहेर ठेवायचे असा त्या घरचा कायदा आहे.

एवढं करून वाट सापडली की काय होतं? इथे या माणसाची खरी गंमत आहे. वाट सापडली की वाटशोध्यांचा तिच्यातला रस संपतो. पहिल्या रविवारी ते तिच्यावर एकटे जातात. दुसऱ्या रविवारी 'कोणाला सांगू नका' अशी शपथ घालून चौघांना नेतात. चौघं प्रत्येकी चौघांना तीच शपथ घालतात. दिवाळीपर्यंत त्या वाटेवर रविवारी तीस सायकली, एक ड्रोन आणि एक पोह्यांची टपरी असते. वाटशोधे खिन्न होऊन म्हणतात, "गेला तो ट्रेल." पण त्या खिन्नतेत एक हुशारी चढलेली असते, कारण आता नवी शोधायला ते मोकळे. चालवण्याचा त्यांना कंटाळाच आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. सायकल हे त्यांना घराबाहेर पडायला मिळालेलं सबळ कारण आहे, एवढंच.

कधीकधी वाट खरोखरच जाते. पुढच्या वर्षी तिथे तारेचं कुंपण असतं, लोखंडी फाटक असतं, फाटकावर फार्महाउस प्लॉटची पाटी असते. मुरमासाठी डोंगराचा एक कोपरा खरवडलेला असतो. कुठल्या टेकडीवर बुलडोझर चढला, कुठला ओढा बुजवला, कुठल्या खिंडीत खांब रोवले, हे वाटशोध्यांना पुष्कळदा वर्तमानपत्रांच्या आधी कळतं. रविवारी दुपारी तिथे हजर असणारा शहरातला दुसरा माणूस नसतो. ते फोटो काढतात, तारीख टाकतात, जुना टोपोशीट जोडून अर्ज करतात. अर्जाचं पुढे काय व्हायचं ते होतं. पण 'इथे वाट होती' हे लेखी सांगणारा निदान एक इसम त्या गठ्ठ्यात असतो.

आणि विक्षिप्त असले तरी डोंगराच्या बाबतीत ते सरळ आहेत. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीवर ते चाक घालत नाहीत आणि इतरांना घालू देत नाहीत; एकदा चाकोरी पडली की पुढच्या पावसात तिचा ओहोळ होतो. उन्हाळ्यात माळावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की जागच्या जागी उतरतात, कारण तिची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांत खडा होऊन पडलेली असतात. अभयारण्यात परवानगीवाचून जात नाहीत. कुंपणापलीकडच्या सगळ्यात देखण्या टेकड्या संरक्षण खात्याच्या आहेत, त्यांच्याकडे बाहेरून बघून फक्त उसासा टाकतात. शेताचं फाटक उघडं होतं तर उघडं ठेवतात, लावलेलं होतं तर लावून घेतात. मेंढरं आली तर सायकल खाली ठेवून बाजूला उभे राहतात, आणि शेवटचं कोकरू जाईपर्यंत त्यांना रिपॅक शर्यतीची गोष्ट सांगत नाहीत.

तेव्हा माझा निकाल असा आहे, की प्रत्येक गावात एक वाटशोधे असावेत. एकच असावेत. आपण ज्या वाटांवर आरामात सायकल चालवतो, त्यातल्या बहुतेक त्यांनी शोधून टाकून दिलेल्या आहेत, आणि त्यांच्या टाकाऊवर आपली निम्मी हौस चालते. तुम्हालाही एखाद्या शनिवारी रात्री त्यांचा फोन येईल. "उद्या येताय का? फक्त बावीस किलोमीटर. ऐंशी टक्के रायडेबल." जरूर जा. पाणी सांगितलं त्याच्या दुप्पट घ्या, घरी जेवायला वाट बघू नका म्हणून सांगून निघा, आणि कुणा मामांनी खालचा डांबरी रस्ता दाखवला, तर मामांचं ऐका.